निळा घोडा

गेल्या मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या दिवशी शेजारच्या घरी तळी भरावयास आम्हांस बोलावणे होते. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले घर. परंतु कुळधर्म मात्र जेजुरीच्या पायथ्याशी राहत असल्याप्रमाणे चालतो. पाच मंडळींनी ताम्हनाला हात लावले, भंडारा उधळला गेला, येळकोटाचा गजर झाला, देवाच्या निळ्या घोड्याचे नाव घेणारे नेहमीचे घोषही म्हणून झाले. मंडळी भरीत-रोडग्याच्या वासाने स्वयंपाकघराकडे वळणार, इतक्यात घरातील आठ वर्षांच्या मुलाने भिंतीवरच्या खंडोबाच्या तसबिरीकडे बोट दाखवून आम्हांस विचारले, “सर, आपण घोडा निळा म्हणतो, मग तसबिरीत तो पांढरा कसा?”

सगळे हसले. कोणी म्हणाले, देवाचा घोडा, वाटेल त्या रंगाचा होईल! दुसऱ्या एका गृहस्थांनी सारा दोष चित्रकारावर ढकलला. आम्ही मराठीचे एम. ए. आणि शाळेचे मुख्याध्यापक असल्याने निर्णय आमच्याकडून अपेक्षित होता. पण आम्ही काहीतरी पुटपुटून पानावर जाऊन बसलो. आम्हांस हसूही आले नाही. सहा वर्षांपूर्वी ह्याच शहरात, दुसऱ्या एका घरात, एका निळ्या आणि एका पांढऱ्या घोड्याविषयी आम्ही मोठ्या अधिकारवाणीने निर्णय दिला होता, आणि त्या निर्णयापासून एका कुळाच्या दोन शाखांचे एकमेकींकडे जाणे-येणे बंद पडले होते.

ते घराणे शिलेदारांचे. बारगीर सरकारी घोड्यावर बसे आणि शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, हा भेद आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक असेलच. होळकरांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेल्या अशा घराण्यांची मुले आज वकील आहेत, अभियंते आहेत, आणि आमच्यासारखे मास्तरही आहेत. घोडे गेले, वस्त्यांची नावे तेवढी राहिली. ‘पागनीस पागा’ हा पत्ता रिक्षावाल्याला सांगणाऱ्या किती मुलांना पागा म्हणजे घोडे बांधण्याची जागा, हे माहीत असते?

त्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावयाचा ठरला होता. वडील शाखेकडे एक जुने तैलचित्र होते. त्यात चाळिशी ओलांडलेला, कल्ले पिकू लागलेला एक स्वार शुभ्र घोड्यावर बसलेला आहे. धाकट्या शाखेकडे हजिरीचा एक मोडी कागद निघाला. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे आजाचे नाव नातवाला ठेवलेले, त्यामुळे एकाच नावाचे दोन पुरुष. आणि कागदावर जेथे बापाचे नाव असावयाचे नेमकी तीच जागा वाळवीने खाल्लेली. कागदातला स्वार आणि चित्रातला स्वार एकच असेल, तर दोन्ही शाखा त्या मूळ पुरुषाच्या ठरत होत्या. नसेल, तर धाकट्या शाखेचे मूळ कोठे जोडावयाचे हा प्रश्नच होता. मोडी वाचता येते म्हणून आम्हांस बोलावले. आम्ही वाचले: स्वाराची उमर पंचवीस, घोडा निळा, उमर साल चार, उजवा कान चिरा.

आम्ही चित्राकडे पाहिले आणि सांगून मोकळे झालो की, निळा घोडा म्हणजे काळसर, शिशाच्या रंगाचा. हा तर दुधासारखा पांढरा. घोडा निराळा, त्या अर्थी स्वारही निराळा. वडील शाखेच्या अण्णांना तेवढे पुरले. पुढल्या बैठकीत त्यांनी धाकट्या शाखेच्या गृहस्थांस चारचौघांत काय ऐकविले ते येथे लिहावयाचे नाही. कुलवृत्तांत बारगळला. हळदीकुंकवाची आमंत्रणे थांबली. दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले, तेव्हा धाकट्या घरची मंडळी थेट स्मशानात आली आणि तेथूनच परत गेली.

चंपाषष्ठीनंतर महिन्याभराने आमच्या भाच्याचे लग्न होते. वरात निघावयास नेहमीप्रमाणे दीड तास उशीर. बँडवाले चहा पीत होते आणि घोडीवाला घोडीच्या गळ्यातील झुलीच्या दोऱ्या आवळीत होता. वेळ घालविण्यासाठी आम्ही म्हटले की, पांढरी घोडी छान आहे. त्याने आमच्याकडे, वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाकडे आम्ही पाहतो तसे पाहिले. म्हणाला, “मास्टर साहब, ये सफ़ेद कहाँ है? ये तो सब्ज़ा है. बाल मत देखो, चमड़ी देखो.” मग त्याने घोडीचे मुस्कट आमच्याकडे वळविले. नाकपुड्यांभोवती, ओठांवर, डोळ्यांच्या कडांना, जेथे केस विरळ, तेथे कातडी कोळशासारखी काळी होती. पलीकडे दुसऱ्या वरातीची घोडी उभी होती. दुरून दोघी बहिणी वाटाव्यात. पण त्या दुसरीचे मुस्कट गुलाबी होते. “वो नुकरी है. वो पैदा ही सफ़ेद हुई. ये मेरी वाली जब पैदा हुई, तो काली थी.”

काळी जन्मलेली घोडी पांढरी होते, हे वाक्य ऐकताच आम्हांस वरातीचे भान राहिले नाही.

पुढे दोन-तीन महिने जमेल तेथून हा विषय आम्ही वाचला, त्या घोडीवाल्याच्या तबेल्यावरही चार-सहा वेळा गेलो. जे समजले ते असे की, घोड्याचा रंग त्याच्या अंगावर पाहावयाचाच नसतो. अंगाचा केस ऋतूप्रमाणे बदलतो, हिवाळ्यात दाटतो, उन्हात विटतो. रंग पाहावा तो कडांवर: आयाळ, शेपूट, गुडघ्याखालचे पाय, कानांच्या किनारी, आणि शेवटी मुस्कटाची कातडी.

अंग तांबूस किंवा बदामी, परंतु आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा, तो कुमाईत. अंग तांबूसच, पण काळेपणा कोठेच नाही, आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा त्याहून फिकी, तो सुरंग. उन्हात उभे असलेले दोन घोडे पाठीवरून सारखे दिसतील. पायांकडे पाहिले की क्षणात निवाडा होतो. फार गडद, तेल माखल्यासारखा कुमाईत असेल तर त्यास तेल्या कुमाईत म्हणतात, आणि तो पुष्कळदा काळा म्हणून खपतो. उलट, खरा काळा घोडा, म्हणजे मुश्की, उन्हाळ्यात विटून तपकिरी दिसू लागतो. येथे मुस्कट पाहावे: ओठांभोवती आणि कुशीत तपकिरी झाक असली तर तो गडद कुमाईत, तेथेही काळा असला तर मुश्की. आपल्याकडील हिंदी बोलणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी ‘आठों गाँठ कुमैत’ अशी एक म्हण आहे. चारही पायांचे आठही सांधे अस्सल कुमाईत असलेला तो सर्वांगाने पक्का घोडा. त्यावरून पक्क्या धूर्त माणसासही तसे म्हणतात. म्हण वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी घोड्याचे पाय पाहिले असतील, कोण जाणे.

अंग पिवळसर व आयाळ-शेपूट काळी, तो समंद. पांढऱ्यावर दुसऱ्या रंगाचे मोठे पट्टे, तो अबलख. पंचकल्याणी हा मात्र रंग नव्हे, ही खूण आहे. चार पाय आणि तोंडावर पांढरे असले की घोडा पंचकल्याणी. पण तो कुमाईत पंचकल्याणी की सुरंग पंचकल्याणी, हे निराळे सांगावे लागते. लावण्यांच्या कृपेने हा शब्द अजून कानावर पडतो, म्हणून लोक त्यास रंग समजतात. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या ‘अभिधानचिंतामणि’ ह्या कोशात शेपूट, छाती, चारही खूर, आयाळ आणि मुख पांढरे असलेल्या घोड्यास अष्टमंगल म्हटले आहे. त्याच कोशात घोड्यांच्या रंगांची कोकाह, सेराह, कुलाह, वोल्लाह अशी नावे आहेत. आम्ही संस्कृत थोडेफार जाणतो, पण हे शब्द संस्कृताच्या घरचे वाटत नाहीत. घोडे बाहेरून येत, आणि घोडे येत तेव्हा त्यांच्या पाठीवर बसून शब्दही येत. आपला कुमाईत अरबी, अबलखही अरबी, सब्जा फारसी.

ह्या सब्जाने तर आमची मजाच केली. फारसीत सब्ज म्हणजे हिरवा. फारसी बोलणारा ज्या घोड्याला हिरवा म्हणाला, त्याला आपण निळा म्हणालो, आणि इंग्रज त्यालाच राखी म्हणतो. घोडा तोच. काळ्या कातडीवर काळे आणि पांढरे केस मिसळले की जी झाक येते, तिला नेमका शब्द कोणत्याच भाषेला सापडलेला नाही. प्रत्येकीने हाताशी होता तो रंग दिला. राजस्थानात महाराणा प्रतापांचा चेतक नीलवर्णी म्हणून प्रसिद्ध आहे, पंजाबात गुरू गोविंदसिंहांना निळ्या घोड्याचे स्वार म्हणतात. तेव्हा निळा घोडा ही केवळ आपल्या मराठी मंडळींची कविकल्पना नव्हे.

आता ह्या निळ्याचे रहस्य. असे शिंगरू काळे, कुमाईत किंवा सुरंग, कोणत्याही रंगाचे जन्मते. पहिले पांढरे केस बहुधा डोळ्यांभोवती दिसतात. दोन-चार वर्षांचे होईतो ते शिशाच्या किंवा धुराच्या रंगाचे होते, मग अंगावर चांदण्या पडाव्यात तशी वर्तुळे उमटतात, आणि सात-आठ-दहा वर्षांचे झाले की बहुधा पांढरे शुभ्र. काहींच्या अंगावर पुढे तांबूस ठिपके उठतात. फारसीत माशीला मगस म्हणतात, त्यावरून अशा घोड्यास मगसी हे नाव पडले. कातडी मात्र जन्मभर काळीच. माणसाचे केस पिकतात, पण त्यासाठी बहुधा तारुण्य ओसरावे लागते. हा बिचारा ऐन तारुण्यात पिकतो. युरोपात व्हिएन्ना शहरी स्पॅनिश रायडिंग स्कूल म्हणून अश्वविद्येची एक प्राचीन शाळा आहे. तेथील पांढरेशुभ्र लिपिझान घोडे जगप्रसिद्ध आहेत. तेही सारे गडद रंगाचेच जन्मतात. एखादा जन्मभर कुमाईतच राहतो, आणि तसा एक पागेत ठेवण्याची तेथे परंपरा आहे.

हे सारे जुन्या जाणत्यांस डोळ्यांनी ठाऊक होते. त्याचे कारण अलीकडे कळले. घोड्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात, एक काळे आणि एक तांबडे. १९९६ साली सुरंग घोड्याला काळे द्रव्य का बनविता येत नाही ते समजले, आणि २००१ साली कुमाईताचा काळा रंग पाय, आयाळ आणि शेपूट एवढ्याचपुरता का आवरला जातो, हे उमगले. २००८ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांच्या चमूने निळ्याचे मूळ शोधले. वंशसूत्राच्या एका ठिकाणी सुमारे ४६०० अक्षरांचा मजकूर चुकून पुन्हा आला आहे. छापखान्यात जुळारी एकच परिच्छेद दोनदा जुळवितो, तसाच हा प्रकार. जगातील सर्व निळे घोडे ही एकच चूक वाहतात, त्या अर्थी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजाचे ते वंशज. त्या चुकीची किंमतही त्यांना मोजावी लागते: पंधरा वर्षांच्या पुढे ह्या घोड्यांपैकी दहांतील सात-आठांना शेपटीखाली वा अन्यत्र काळ्या गाठी होतात. आणखी एक गोष्ट येथे नोंदून ठेवतो. निळ्या शिंगराचा बाप किंवा आई, दोहोंपैकी एक तरी निळी असलीच पाहिजे. आणि सुरंग घोडीला सुरंग घोड्यापासून कुमाईत शिंगरू होत नाही. घोड्यांच्या वंशावळीत कोणी लबाडी केली, तर ती पुष्कळदा रंगावरूनच उघडी पडते.

लबाडीचा विषय निघाला म्हणून सांगतो. घोड्याचा रंग कागदावर लिहिण्याची चाल काही कौतुकापोटी पडली नाही. हजिरीच्या दिवशी मागून आणलेले घोडे उभे करावयाचे, पगार उचलावयाचा, आणि मोहिमेवर तट्टू घेऊन निघावयाचे, ही युक्ती फार जुनी. तिला आळा घालण्यासाठी अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत पाडली. अकबराने डागाबरोबर स्वाराचा व घोड्याचा चेहराही दफ्तरात लिहविला. पुढे हजिरीच्या कागदांतून घोड्याचे वर्णन येऊ लागले ते ह्याच गरजेने. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याचे सर्वस्व, आणि त्या घोड्याचा रंग चुकीचा लिहिला गेला तर त्याची भाकर जात असे. महाभारतात तर कद्रू आणि विनता ह्या दोघी बहिणींनी उच्चैःश्रव्याच्या रंगावर दास्याची पैज लावली. विनता म्हणाली, घोडा सबंध पांढरा. कद्रू म्हणाली, शेपूट काळी. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना केसांसारखे शेपटीत जाऊन बसावयास लावले आणि पैज जिंकली. विनतेचा घात कद्रूच्या कपटाने केला हे खरेच, पण तिने घोडा नीट निरखून पाहिला नाही, हेही आम्हांस आता जाणवते.

आम्ही तर चित्र हातभर अंतरावरून पाहिले होते, आणि चुकलो.

चूक कोठे झाली, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. कागदातला घोडा चार वर्षांचा, स्वार पंचवीस वर्षांचा. चित्रातला स्वार चाळिशीपुढचा. मधल्या पंधरा वर्षांत स्वाराचे कल्ले पिकले ते आम्हांस दिसले, घोडाही पिकला असेल हे सुचले नाही. शब्द आम्हांस येत होता, घोडा येत नव्हता. पण नुसत्या शक्यतेवर पुन्हा निर्णय द्यावा, इतके धाष्टर्य आता आमच्यात उरले नव्हते. चित्रातला घोडा नुकरा असेल तर आमचा पहिलाच निर्णय खरा ठरत होता.

चैत्रात एका रविवारी आम्ही वडील शाखेच्या घरी गेलो. अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आता थकल्या आहेत. आम्ही का आलो ते सांगितले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, मुलाला म्हणाल्या, “चित्र खाली काढ.” त्याने ते उतरवून खिडकीपाशी उजेडात धरले. काचेवरची धूळ पुसली. शाळेच्या प्रयोगशाळेतील बहिर्गोल भिंग आम्ही बरोबर नेले होते.

चित्रकार कोण होता, हे कोणास ठाऊक नाही. त्याची सही नाही. पण माणसाने घोडा पाहिलेला होता. शुभ्र तोंडाच्या टोकाला, नाकपुड्यांभोवती त्याने धुरकट काळा रंग भरला होता, डोळ्याची कडही काळी ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी तो काळेपणा आम्ही जुनेपणाचा मळ समजलो होतो. मग भिंग कानावर नेले. उजव्या कानाच्या टोकाशी एक बारीक फट दिसली. ती रंगाला गेलेला तडा असेल अशी आमची समजूत होती. भिंगाखाली पाहता फटीच्या दोन्ही कडांना कुंचल्याने काढलेली तांबूस रेघ स्पष्ट होती. कान चिरलेलाच काढलेला होता. रंग बदलतो, चिरलेला कान बदलत नाही. आजही शर्यतीच्या घोड्यांच्या ओळखपत्रात रंगाबरोबर अंगावरच्या भोवऱ्यांच्या जागा लिहितात, त्या ह्याच कारणासाठी.

मुलाने भिंगातून पाहिले, वहिनींनी पाहिले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वहिनी म्हणाल्या, “हे त्यांना कळायला हवं होतं.” अण्णांना, की धाकट्या घरच्यांना, हे आम्ही विचारले नाही. मुलगा म्हणाला, “काकांना मी काय तोंडाने सांगू, सर?” आम्ही म्हटले की, सांगावयाचे काम तुमचे नाही, चूक आमची होती, पत्रही आम्हीच लिहितो.

ते पत्र लिहावयास आम्हांस तीन दिवस लागले. चौथ्या ओळीपर्यंत घोड्याचे शास्त्र येई आणि आमची चूक सातव्या ओळीवर जाई, म्हणून दोनदा फाडले. शेवटी चूक पहिल्या ओळीत लिहिली. उत्तर आले नाही. त्याऐवजी अक्षय्यतृतीयेच्या दिवशी धाकट्या शाखेचे गृहस्थ मोडी कागद घेऊन स्वतःच वडील घरी गेले. बरोबर पत्नी होत्या. वहिनींनी कुंकवाचा करंडा बाहेर काढला, एवढे आम्हांस नंतर कळले. दोन्ही घरे पूर्ववत झाली, असे आम्ही म्हणणार नाही. सहा वर्षे सहा वर्षेच असतात. पण कुलवृत्तांताचे काम पुन्हा सुरू झाले आहे.

शेजारच्या मुलाला आम्ही घोडीवाल्याच्या तबेल्यावर घेऊन गेलो. तेथे एक धुरकट शिंगरू आणि त्याची पांढरी आई शेजारी-शेजारी बांधलेली होती. त्याने दोघांची मुस्कटे पाहिली, हात लावून पाहिला, आणि खंडोबाचा घोडा किती वर्षांचा असेल असे विचारले. आमच्या मते चित्रकार आणि घोष म्हणणारे दोघेही बरोबर आहेत, एवढेच आम्ही त्याला सांगू शकलो.

कुलवृत्तांताच्या मुखपृष्ठावर ते चित्र येणार आहे, आणि त्याखालील ओळ लिहिण्याचे काम दोन्ही शाखांनी मिळून आम्हांस दिले. स्वाराच्या नावापुढे आम्ही ‘घोडा निळा’ असे स्पष्ट लिहून पाठविले आहे. मुद्रिते तपासावयास येतील तेव्हा, चित्र पाहून कोणी हुशार जुळाऱ्याने ते ‘पांढरा’ करून ठेवले नाही ना, हे तेवढे पाहावयाचे आहे.